सातव्या नळीचा पंक्तिप्रपंच

पंगतीत एकाच्या पानात वाढायचं राहून गेलं तर बाकीच्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, हे आपल्याकडे सर्वमान्य आहे. (उतरतो, पण उतरत नाही असं म्हणायची पद्धत आहे.) वाढणाऱ्याने एकाला तूप सढळ आणि दुसऱ्याला थेंबभर वाढलं तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात. पंक्तिप्रपंच करणारा पुढच्या जन्मी कोण होतो, याबद्दल गावोगावी मतभेद आहेत. माणूस होत नाही, यावर एकमत आहे.

विज्ञानाच्या कानावर हे कधी गेलेलं नाही. विज्ञानाचा सगळा डोलाराच पंक्तिप्रपंचावर उभा आहे. सहा जणांना वाढायचं, सातव्याला मुद्दाम उपाशी ठेवायचं आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, याला तिकडे प्रयोग म्हणतात. असलं शास्त्र बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत रुजवायचं, हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. ते आमच्या मंडळाने १९९६ साली हाती घेतलं आणि पार मुळासकट रुजवलं. मी मंडळाचा मानद चिटणीस. मानद म्हणजे पगार नाही. परंतु जेवण असतं.

मंडळाचं पूर्ण नाव ‘श्री भैरोबा सहकारी ग्रामीण जैवसंशोधन मंडळ, बावडा’. प्रयोगशाळेसाठी दिल्लीहून अनुदान येणार असं कळल्यावर हे नाव एका बैठकीत ठरलं. संशोधन कशावर करायचं ते ठरायला वर्ष गेलं. इमारत मात्र दूरदृष्टीने बांधली. शास्त्र चाललं नाही तर लग्नं तरी चालतील, हा अध्यक्ष आप्पासाहेबांचा विचार. म्हणून मधला हॉल एका पंगतीला तीनशे पानं बसतील एवढा, मागे आचाऱ्याची जागा आणि बाजूला नवरीची खोली. या खोलीला खिडकी ठेवलेली नव्हती, त्यामुळे फिल्म धुवायची अंधारखोली म्हणून ती फार सोयीची पडली. लग्नतिथी असेल त्या दिवशी शास्त्र बंद.

इमारतीबरोबर प्रयागबाई आल्या. लग्नकार्यात वाढपाची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे असे. तीनशे पानांत कुणाच्या पानावर मीठ राहिलंय, हे त्यांना दारातून दिसायचं. मंडळाने त्यांना प्रयोगशाळेतलं काचसामान धुवायला नेमलं. पगार शास्त्राच्या खात्यावर, राबणूक दोन्हीकडची. प्रयागबाईंची तक्रार नव्हती. काचेच्या नळ्या लहान असतात आणि खरकट्या नसतात, एवढाच फरक त्यांना जाणवला होता.

संचालकपदी डॉ. दादासाहेब होते. त्यांची डॉक्टरेट गुळाच्या रंगावर. मंडळात येताना ते औषध तयार करूनच आले. औषधाचं नाव ‘मेषकवच’. त्यात कडुनिंब, हळद, गुळाचं पाणी आणि एक गुप्त घटक होता. (मीठ.) दर पावसाळ्यात आमच्याकडे मेंढ्या खोकून खोकून मरतात, त्या रोगावर हा उपाय. बाटल्या आल्या होत्या, बाटलीवर मेंढीचं चित्र छापून झालं होतं. (छापखान्यात मेंढी शिल्लक नव्हती, म्हणून शेळी.) औषध का लागू पडतं, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

दादासाहेबांचा सिद्धान्त असा. रोगाच्या विषाणूत एक प्रथिन असतं, त्याला ‘अ’ म्हणू. मेंढीच्या पेशीत दुसरं असतं, त्याला ‘ब’ म्हणू. अ येऊन ब चा हात धरतं आणि त्या ओळखीवर पेशीत शिरतं. मेषकवच हा हात सोडवतं. आता अ खरोखर ब चा हात धरतं एवढं सिद्ध झालं, की पुढचं सगळं बाटलीवर छापलेलंच होतं.

हे सिद्ध करायला डॉ. सुप्रिया यांची नेमणूक झाली. ती कळंबची. तिच्या भावकीतले बाकीचे लोक ऊस, ट्रॅक्टर, कारखान्याची नोकरी असे पांगले. वडील आबाजी यांनी तेवढी मेंढरं सोडली नाहीत. मेंढरांच्या जिवावर त्यांनी लेकीला पुण्यात शिकवली. मुलाखतीत आप्पासाहेबांनी एकच प्रश्न विचारला, “कळंबच्या आबाजीची ल्येक व्हय तू?” उत्तर बरोबर आलं.

पहिल्याच बैठकीत सुप्रियाने, दोन प्रथिनं पेशीत एकमेकांना धरतात की नाही हे ओळखायच्या पद्धती मंडळापुढे ठेवल्या आणि मंडळाने त्यांवर साधकबाधक चर्चा केली. एक पद्धत यीस्टमधली. दोन्ही प्रथिनं यीस्टच्या पेशीत घालायची. त्यांनी एकमेकांना धरलं तर पेशी जगते, नाहीतर उपाशी मरते. आप्पासाहेबांना ही एकदम पसंत पडली, कारण मळीपासून मद्यार्क काढणाऱ्यांकडून यीस्ट फुकट मिळालं असतं आणि ते सभासदांच्याच उसावर पोसलेलं होतं. सुप्रिया म्हणाली, यीस्टमध्ये जी भेटतात ती मेंढीत भेटतीलच असं नाही; प्रश्न सस्तन प्राण्याच्या पेशीचा आहे. (हे आम्हाला पटलं. बारामतीच्या बाजारात गळ्यात गळे घालणारे लोक गावात एकमेकांचं तोंड बघत नाहीत.) दुसरी पद्धत उजेडाची. प्रथिनांना दोन रंगांचे दिवे लावायचे. अगदी जवळ आली की एकाचा उजेड दुसऱ्याला मिळतो. ही भारनियमनाच्या कारणास्तव फेटाळण्यात आली. आमच्या भागात माणसांना उजेड मिळत नव्हता, तिथे प्रथिनांना जादा जोडणी कोण देणार?

राहिली गळाची पद्धत. मेंढीच्या पेशी बाटलीत वाढवायच्या, त्यांच्यात अ आणून सोडायचं, मग पेशी फोडून त्यांचा रस काढायचा. रसात एक गळ टाकायचा. या गळाला प्रतिपिंड म्हणतात आणि तो फक्त अ ला पकडतो. गळ अडकवायला बारीक मणी असतात. मणी वर काढायचे, पाण्याने धुवायचे आणि अ च्या हाताला धरून ब सुद्धा वर आलंय का ते बघायचं. आलं असेल तर फिल्मवर काळी रेघ उमटते. नसेल तर फिल्म कोरी.

“हे आपल्यातलंच की,” आप्पासाहेब म्हणाले. “एकाला धरायचा आन त्याच्या मागनं कोन कोन येतंय त्ये बघायचं. फौजदार काय निराळं करतो?”

सुप्रिया हसली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग तिने सातव्या नळीचा विषय काढला. सहा मेंढ्यांच्या पेशींचा रस सहा नळ्यांत, त्या सगळ्यांत गळ. सातव्या नळीतही तोच रस, तेच मणी, तेच धुणं. फक्त गळ टाकायचा नाही. ती नळी कोरी निघालीच पाहिजे.

“आन तिला का न्हाय?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“गळ नसला तर काही निघत नाही, हे बघून घ्यायला, आप्पासाहेब.”

“त्ये बघायला शास्त्र कशाला पायजे? माझ्या आज्ज्याला ठावं हुतं.”

विषय मंजूर झाला. परंतु सभासदांच्या मनात कालवाकालव राहिली. सातांतली एकच का, हा प्रश्न चहा झाल्यावरही कुणाच्या डोक्यातून गेला नाही.

कामाला सुरुवात झाली. पहिल्या पेशी आबाजींच्या कळपातल्या भुरी नावाच्या मेंढीच्या कानातून घेतल्या. पेशींना अंगाइतकी ऊब लागते. वीज गेली की ती ऊब प्रयागबाई पेटीवर गोधडी टाकून देत. हवेसाठी लागणारा वायू सोडावॉटरवाल्याकडून येई आणि बर्फ कुल्फीवाल्याकडून. आबाजी एकदा बघायला आले. फेटा काढून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ हलले नाहीत.

“भुरी हितं हाय म्हनायची?” त्यांनी लेकीला विचारलं.

“थोडी हितं, बाकीची वाड्यावर.”

“हितली खोकत न्हाय,” आबाजी म्हणाले आणि समाधानाने परत गेले.

दोन महिन्यांनी पहिली फिल्म नवरीच्या खोलीतून बाहेर आली. तिच्यावर सात रेघा होत्या. ठळक, काळ्याभोर, एका ओळीत. दादासाहेबांनी तिथल्या तिथे पेढे मागवले. सातांपैकी सात! तालुक्यात दहावीचा निकालसुद्धा इतका लागत नाही. सुप्रियाचं तोंड मात्र उतरलं.

“सातवी यायला नको होती,” ती म्हणाली.

“पण आली ना?”

“म्हणूनच बाकीच्या सहांना अर्थ नाही.”

“म्हणजे सहा आल्या तर पास आणि सात आल्या तर नापास? बाई, हा कुठला बोर्ड?”

पेढे वाटून झाले तरी सुप्रिया सातव्या नळीकडेच बघत होती. नळ्यांना कुणी हात लावला होता का, असं तिने विचारलं. प्रयागबाई पदराला हात पुसत पुढे आल्या.

“म्या वाढलं की.”

“काय वाढलं?”

“सा नळ्यांत तुमी त्ये थेंब थेंब घातलं. सातवीत राह्यलं. तेवड्यात तुमाला फोन आला. म्हनलं, ईसरल्या असतील ताई. बाटलीत शिल्लक हुतं, घातला थेंब. एकल्या एकीला उपाशी ठिवायची व्हय?”

सुप्रियाने डोक्याला हात लावला आणि मग तिला हसू आलं. खरं तर तिला बरंच वाटलं. सातवी रेघ का आली ते कळलं होतं. दादासाहेबांना तर फारच बरं वाटलं. सातवीला चुकून गळ मिळाला म्हणून ती आली, म्हणजे सहा खऱ्या! सहापैकी सहा! त्यांनी त्याच दिवशी वर्तमानपत्रांना बातमी दिली. सुप्रिया म्हणाली, एकदा परत करून बघू. बातमी गेल्यानंतर प्रयोग परत करायला मंडळाची काहीच हरकत नव्हती.

या खेपेला सातवी नळी तिने कुलपात ठेवली. प्रयागबाईंना हे लागलं. फिल्म बाहेर आली. सात रेघा.

सुप्रियाने तीन दिवस एकेक नळी नव्याने तपासली. मग तिने उलगडा केला. ब नावाचं प्रथिन मण्यांनाच आपसूक चिकटत होतं. त्याला गळाची गरज नव्हती आणि अ ची तर नव्हतीच नव्हती. आमंत्रण नसताना प्रत्येक लग्नात पहिल्या पंगतीला बसणारा जो एक गृहस्थ असतो, तशातला तो प्रकार. पहिल्या खेपेला प्रयागबाईंच्या थेंबाने हीच गोष्ट झाकून टाकली होती. मग सुप्रियाने मणी कडक मिठाच्या पाण्याने पाच वेळा धुतले. सातही नळ्या कोऱ्या निघाल्या. अ आणि ब यांची साधी तोंडओळखसुद्धा नव्हती.

“इतकं धुतल्यावर सख्खा भाऊसुद्धा सुटेल,” दादासाहेब म्हणाले.

यावर मंडळाची खास बैठक झाली. त्या बैठकीचा ठराव मी स्वतः लिहिला असल्यामुळे त्यातली भाषा मला आजही आवडते. “सातवी नळी ही पंक्तिप्रपंचाचे प्रतीक असून सहकाराच्या मूळ तत्त्वाशी विसंगत आहे. सबब सदर नळी आजपासून बंद करण्यात येत आहे. यापुढे मंडळाच्या प्रयोगशाळेत कोणतीही नळी, तिचा क्रमांक काहीही असो, गळापासून वंचित राहणार नाही. तसेच मणी एकदाच व साध्या पाण्याने धुवावेत.” ठराव एकमताने मंजूर झाला. सुप्रियाला मत नव्हतं. (शास्त्रज्ञ हे सभासद नसतात, सेवक असतात. हे उपविधीत आहे.) त्या दिवसापासून मंडळाच्या एकाही प्रयोगाला अपयश आलेलं नाही. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना जे साधलं नाही ते बावड्यात एका ठरावाने साधलं.

पावसाळ्याच्या तोंडावर सरकारकडून विचारणा आली, की मेंढ्यांच्या रोगावर लस उपलब्ध आहे, तालुक्यातून मागणी असल्यास कळवावे. घरचं औषध असताना बाहेरच्याची मिनतवारी कशाला, म्हणून आम्ही ‘मागणी नाही’ असं साभार कळवलं. मग प्रत्येक कळपाला मेषकवच पाजायची मोहीम ठरली. गावोगाव मेंढ्या मोजायला माणसं गेली. कळंब माझ्याकडे आलं, म्हणून पुढचं बोलणं माझ्यासमोर झालं. रविवार होता, सुप्रिया घरी आली होती.

“आबा, आपल्या मेंढरांला पाजू नका,” ती म्हणाली.

“का? वंगाळ हाय व्हय औषद?”

“वंगाळ न्हाय. चांगलंबी न्हाय. नुसतं गुळाचं पानी हाय. खरी लस सरकार देतंय, पण तालुक्यानं मागितली तरच येती. आन मंडळ म्हनतंय, आमचं औषद हाय.”

“मग?”

“एक कळप बिनऔषदाचा ऱ्हायला पायजे. औषद पेलेल्यांतली जेवडी मरतील तेवडीच आपल्यातली मेली, म्हंजी औषदात काय न्हाय त्ये समद्यांना दिसंल. मग लस मागावीच लागंल. पुढच्या साली तरी वाचतील.”

आबाजींनी बसल्या जागेवरून वाड्याकडे पाहिलं. अठ्ठेचाळीस मेंढ्या होत्या. भुरी कुंपणाला अंग घासत होती.

“म्हंजी समद्यांची मेंढरं पंगतीला, आन माजी उपाशी.”

“व्हय, आबा.”

“आन माजी मेली तर तुजं खरं हुनार.”

सुप्रियाने नुसती मान हलवली आणि ती रडायला लागली. आबाजी उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, “चिटनीससायब, आमचं नाव काडा. आमी सातव्या नळीत.”

मला त्या माणसाचा विलक्षण आदर वाटला. अहवालात मात्र मी ‘सदर मेंढपाळ अंधश्रद्धेपोटी गैरहजर’ असं लिहिलं, कारण रकाना तेवढाच होता.

मोहीम दणक्यात पार पडली. प्रत्येक गावात मंडप, लाऊडस्पीकर, हारतुरे. बावड्यात आप्पासाहेबांनी पहिल्या मेंढीला स्वतःच्या हाताने पाजलं. मेंढीने ते त्यांच्या धोतरावर परत केलं आणि टाळ्या झाल्या. नंतर पाऊस लागला, रोग आला, मेंढ्या खोकायला लागल्या. दसऱ्यापर्यंत आटोपलं. सगळ्या तालुक्याचा हिशेब जुळवला तेव्हा चारांतली एक मेंढी मेली होती. आदल्या वर्षीही चारांतली एकच मेली होती, त्याच्या आदल्या वर्षीही. रोग फार नेमस्त आहे.

सुप्रिया कळंबला गेली. आकडा पडताळून पाहायला मीही गेलो. वाड्यात शिरल्यावर तिने आधी भुरीला शोधलं. भुरी नव्हती. तिच्या कानातल्या पेशी मात्र बावड्याला बाटलीत ठणठणीत होत्या. मग आबाजींनी मोजून दाखवल्या. अठ्ठेचाळीसांतल्या छत्तीस उरल्या होत्या. बारा गेल्या. बरोबर चारांतली एक.

“आबा, दिसलं का?” सुप्रिया म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र घट्ट होता. “पेलेल्यांतली चारांतली एक. न पेलेल्यांतलीबी चारांतली एक. आता कुनाला तोंड ऱ्हानार न्हाय.”

तेवढ्यात सुप्रियाची आई, सारजाबाई, चुलीपासून उठून दारात आली.

“न पेलेली कोन गं?” ती म्हणाली. “पाजलंय की आमी.”

आबाजींनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.

“तुजा बा बाजाराला गेल्ता. प्रयागबाई आली एसटीनं, पिशवीत बाटल्या घिऊन. म्हनली, समद्या तालुक्याची पेली, तुमचीच तेवडी ऱ्हायली, लेकीच्या ध्यानातनं गेलं आसंल. म्या तोंडं धरली, तिनं पाजलं. घोट घोट समद्यांला, कुनालाबी कमी न्हाय.” ती लेकीच्या तोंडाकडे बघून घाबरली. “का? चुकलं व्हय?”

आबाजी हळूहळू खाली बसले.

“मग ह्या बारा कशापायी मेल्या?” त्यांनी विचारलं.

प्रश्न कुणाला उद्देशून होता ते कळलं नाही. त्यासाठी अहवालात रकाना नव्हता. मी आकडा घेतला, पाणी प्यालो आणि निघालो. आता सगळ्या तालुक्यात मेषकवच न प्यालेली एकही मेंढी उरली नव्हती, म्हणजे औषधाविरुद्ध एकही साक्षीदार उरला नव्हता.

दिवाळीनंतर मंडळाची वार्षिक सभा झाली. दादासाहेबांनी अहवाल वाचला: मेषकवचामुळे चारांतल्या तीन मेंढ्या वाचल्या, यशाचं प्रमाण शेकडा पंच्याहत्तर. टाळ्या थांबल्यावर कोपऱ्यात सुप्रिया उभी राहिली. सेवकांनी सभेत बोलायची पद्धत नाही, पण आबाजीची लेक म्हणून कुणी अडवलं नाही.

“गेल्या वर्षीही चारांतल्या तीन वाचल्या होत्या,” ती म्हणाली. “औषध नव्हतं तेव्हा.”

आप्पासाहेब रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. “औंदा रोग जोराचा हुता, बाई. औषद नसतं तर निम्मी गेली असती.”

“कशावरून?”

“कशावरनं न्हाय, त्ये तू सांग.”

“ते मला सांगता येत नाही,” सुप्रिया म्हणाली, “कारण बिनऔषधाची एकही मेंढी आपण शिल्लक ठेवली नाही. मेंढ्या अजून मरताहेत, आप्पासाहेब. पुढच्या वर्षी पुन्हा चारांतली एक मरेल. औषध राहू द्या तुमचं. पण लस मागवा.”

लस मागवायची म्हणजे पाजलेलं गुळाचं पाणी होतं असं म्हणायचं, आणि पाजणारे सगळे समोरच बसले होते. आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. “बाई दमल्यात,” ते मायेने म्हणाले. “चला, पानं मांडा.”

पानं मांडली. सुप्रिया माझ्या समोरच्या रांगेत बसली. मीठ आलं, चटणी आली, मग वांग्याची भाजी. भाजीवाला वाढपी तिच्या पत्रावळीपाशी आला आणि सरळ पुढच्या पत्रावळीवर वाकला. मला वाटलं, नजरचूक. मग आमटीवाला आला. तोही पुढे गेला. भातवाला गेला. जिलबीवाला तिच्यापुढे क्षणभर थांबला आणि आप्पासाहेबांच्या दिशेने बघून पुढे गेला. आप्पासाहेब मठ्ठ्यात मीठ कालवत होते. त्यांनी काही सांगितलं नव्हतं. कुणीच कुणाला काही सांगितलं नव्हतं. मी नंतर सगळी इतिवृत्तं तपासली. तसा ठराव कुठेही नाही.

शास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर मंडळाच्या इतिहासातली ही पहिली निर्दोष सातवी नळी. तोच हॉल, तीच पंगत, तेच वाढपी. फक्त हिला वाढलं नाही. निष्कर्षही अगदी स्वच्छ निघाला. तिचं रिकामं पान सगळ्यांना दिसत होतं. ती पानाकडे बघत ताठ बसली होती. श्लोक झाला, आणि घास घशाखाली उतरतो की उतरत नाही, या जुन्या प्रश्नाचा प्रयोगाने कायमचा निकाल लागला.

तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून प्रयागबाई उठल्या. स्वतःची पत्रावळ दोन्ही हातांनी उचलून त्या दोन रांगांमधून चालत आल्या, सुप्रियासमोर बसल्या आणि निम्मा भात, निम्मी भाजी, दोनांतली एक जिलबी तिच्या पानात सारली.

“खा, पोरी,” त्या म्हणाल्या. “वाडनाऱ्याच्या ध्यानातनं गेलं आसंल.”

अशा रीतीने त्यांनी तोही प्रयोग नासवला.

सुप्रियाने ते सगळं खाल्लं. महिनाअखेरीस ती नोकरी सोडून पुण्याला गेली. प्रयोगशाळेत आता लग्नं होतात आणि मेषकवचाचं प्रमाण शेकडा पंच्याहत्तरावर कायम आहे.

आता तुम्ही म्हणाल, ‘मी तिथे असतो तर उठलो असतो.’ मला ते खोटं वाटत नाही. ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतला प्रत्येक जण छातीवर हात ठेवून हेच म्हणाला. त्यांतले बहुतेक जण तिथेच होते.